लोणीसाहेबांचा डेमो

लोणीसाहेबांचं खरं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त त्यांच्या वीजबिलाला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना लोणीसाहेबच म्हणायचे, कारण त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक वस्तू "लोण्यासारखी" चालायची. फ्रीजचं दार लोण्यासारखं उघडायचं, पंखा लोण्यासारखा फिरायचा. एकदा एका आजोबांना भिंतीवरचं घड्याळ विकताना त्यांनी सेकंदकाटा लोण्यासारखा सरकतो असं सांगितलं, तेव्हा आजोबा इतके विरघळले की दोन घड्याळं घेऊन गेले. घरात खोली एकच होती, हे त्यांना रिक्षात बसल्यावर आठवलं.

लोणीसाहेब एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दुसऱ्या मजल्यावर उभे असायचे. आधी टेपरेकॉर्डर विकले, मग टीव्ही, आणि केस पिकायच्या सुमारास त्यांना टॅब्लेटच्या काउंटरवर आणून उभं केलं. आजूबाजूची विशी-पंचविशीतली पोरं गिऱ्हाइकाला प्रोसेसर, रॅम आणि बॅटरीचे आकडे म्हणून दाखवायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि "घरी विचारून येतो" म्हणून जिना उतरायचं. लोणीसाहेब आकडा उच्चारायचे नाहीत. टॅब्लेट उचलायचे आणि गेम खेळायला लागायचे.

पन्नाशीचा, इन केलेल्या शर्टातून पोट पुढे आलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेला माणूस गाडी पळवतोय, बंदूक चालवतोय, अंगठे असे नाचतायत की बघणाऱ्याला वाटावं, हे यंत्र या काकांकडून एवढं करून घेतं तर आपल्याला चंद्रावर नेऊन सोडेल! भोवती माणसं जमायची. ती आपोआप जमली नाहीत तर जमवायची सोयही होती. माझ्यासारखा ओळखीचा कोणी इस्त्री दुरुस्तीला घेऊन आला की ते डोळ्यांनी खुणावायचे, "अहो शेजारी, जरा उभे राहा." गिऱ्हाइकाजवळ गिऱ्हाईक येतं, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांच्या काउंटरपुढे मी इतक्या वेळा गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलोय की दुकानाने मला बोनस द्यायला हरकत नव्हती.

या डेमोमागे एक पद्धत होती. नवा माल आला की लोणीसाहेब स्टुलावर बसून तो आधी एकटेच खेळून बघायचे. "कुठलंही मशीन कुठे ना कुठे लंगडतंच," ते म्हणायचे. "ते कुठे लंगडतं हे आपल्याला आधी कळलं पाहिजे." एखादा टॅब्लेट गाडीच्या शर्यतीत बोगद्यापाशी अडखळायचा. एखादा लढाईच्या गेममध्ये धूर झाला की गचके खायचा. ती जागा सापडली की लोणीसाहेब हात तिथून वळवून घ्यायचे. बोगदा आला की वेग हळूच कमी. धूर झाला की आपला सैनिक भिंतीकडे तोंड करून उभा. आणि नेमकं तेव्हाच, "हे ढग बघा, ढग! कापूस पिंजून ठेवलाय!" गिऱ्हाईक ढग बघायचं. तोवर धूर ओसरायचा.

सुरुवातीला हे कसब होतं. वर्षं गेली आणि त्याची सवय झाली. ठेंगण्या दाराच्या घरात वाढलेला माणूस दुसऱ्याच्या घरातही वाकूनच शिरतो, आणि "का हो वाकलात?" विचारलं तर "कुठे वाकलो?" म्हणतो. लोणीसाहेबांचे हात असेच आपले आपण वाकायला लागले होते. टॅब्लेट लंगडतो हे त्यांना दिसेनासं झालं.

घरी मात्र त्यांचा डेमो चालायचा नाही. वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करायच्या आणि घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी संपायची नाही. "आज काय विकलंत?" "चार टॅब्लेट." "आणि माझा मिक्सर कधी लोण्यासारखा फिरणार? त्याचा आवाज येतो तसा आमच्याकडे सुईला घाबरलेली माणसंसुद्धा काढत नाहीत."

मुलगी एकुलती एक. लहानपणी तिच्या अंगावर ओरडलं की ती दुपटीने ओरडायची, म्हणून बापाने तिचं नाव ठिणगी ठेवलं, आणि मोठी झाल्यावर ती चौघाचौघांच्या लढाईच्या गेममध्ये त्याच नावाने खेळायला लागली. बाप अंगठे नाचवायचा ते दुसऱ्याला दाखवायला. ही खेळायची तेव्हा ओठ मिटलेले, मान स्थिर, आणि समोरचा सैनिक आपण कधी मेलो याचा विचार करत पडलेला. कॉलेज नावाला होतं. तिचा टॅब्लेट जुना, एका कोपऱ्यात तडा गेलेला. त्यात माणसांची नाकं चौकोनी दिसायची आणि झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी. पण बोट ठेवलं की सैनिक हलायचा. मध्ये विचार करत बसायचा नाही.

अशात या गेमच्या एका नावाजलेल्या संघाने निवडचाचणी जाहीर केली. निवड झाली की पगार, राहायची सोय, रोजचा सराव. लोणीसाहेबांनी ही बातमी जिन्यात भेटेल त्याला सांगितली. वहिनींनी एक अट घातली.

"निवड झाली तर कॉलेज बाजूला ठेव, मी एका शब्दाने बोलणार नाही. नाही झाली, तर हे खेळणं बंद. लॅबमध्ये पावत्या करायला माणूस हवाय, कॉलेज सांभाळून तू येऊन बसायचं."

"चालेल," ठिणगी म्हणाली. "बसावं लागणारच नाही."

"बघ हं. आमच्याकडे सुट्टी पण नसते."

"आई, तू आतापासूनच माझं रक्त काढायला लागलीस."

सगळा घोटाळा झाला तो बापाच्या प्रेमामुळे. चाचणीच्या तोंडावर दुकानात नवा टॅब्लेट आला. त्याचा पडदा इतका बारीक ठिपक्यांचा होता की फोटोतल्या माणसाच्या डोळ्यात त्याच्या समोरच्या खिडकीचे गज मोजता यावेत. लोणीसाहेब हरखून गेले. खेळून बघितला, हात आपोआप वळले, सगळं सुरळीत चाललं. दुकानातल्या नोकरांनी आपला जुना टॅब्लेट बदल्यात दिला की त्यांना हा सवलतीत मिळत होता. ठिणगी कॉलेजला गेलेली बघून त्यांनी तिच्या खणातून जुना टॅब्लेट काढला, पुसला, आणि एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला.

संध्याकाळी त्यांनी मलाही घरी बोलावलं. सुखाच्या प्रसंगी त्यांना बघायला गिऱ्हाईक लागायचंच.

ठिणगीने खोका उघडला. पडदा उजळला. खोलीत नवा दिवा लावल्यासारखं झालं.

"बाबा! हा तर... केवढा भारी आहे!"

"आहेच. चाचणीत बाकीच्यांना शत्रू दिसेल, तुला शत्रूच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसेल."

ती हसली आणि खेळायला बसली. थोड्या वेळाने हसू ओसरलं. तिने सेटिंग बदललं, पुन्हा खेळली, पुन्हा बदललं.

"अडकतोय हा."

"कुठे?"

"धुरात. माझा जुना दे बाबा. चाचणीला तोच नेते. ह्यावर नंतर खेळेन."

"जुना गेला की. त्याच्या बदल्यातच हा आला."

ठिणगीने बापाकडे बघितलं. मग माझ्याकडे, जणू मी मध्ये पडून तो परत आणणार होतो. "गेला म्हणजे कुठे गेला?"

"जुन्या मालाची दुपारची गाडी घेऊन गेली. अगं, तडा गेलेला होता तो!"

"तडा कोपऱ्यात होता. गेममध्ये नव्हता."

"दे इकडे." लोणीसाहेबांनी टॅब्लेट घेतला, चष्मा खाली ओढला आणि सुरू झाले. सैनिक धावला, वळला, धूर झाला, सैनिक भिंतीपाशी उभा राहिला, धूर विरला, सैनिक पुन्हा धावला. "बघ. कुठे अडकला?"

"तू धुरात भिंतीकडे तोंड केलंस."

"मग? धुरात कोणी धुराकडे बघतं का?"

"शत्रू धुरात असतो, बाबा!"

मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी शहाण्यासारखं विचारलं, की इतका महागाचा, इतका नवा, तो जुन्यापेक्षा हळू कसा असेल? ठिणगी म्हणाली, "काका, चौपट मोठं घर घेतलं आणि झाडायला बाई एकच ठेवली, तर काय होईल? या पडद्यावर ठिपके चौपट आहेत आणि ते रंगवणारी चिप जवळजवळ जुनीच. एरवी रेटून नेते. धूर आला की दमते."

"मोलकरणीला नावं ठेवू नयेत," लोणीसाहेब म्हणाले. "तुझा हात जरा जड पडतोय. बसेल, बसेल."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तिला न विचारता दिलातच कसा? मी पेशंटला न विचारता सुई टोचत नाही."

"सरप्राइज विचारून देतात का?"

त्यानंतर ठिणगीने दारोदार टॅब्लेट शोधला. बरोबर खेळणाऱ्यांचे त्यांना स्वतःलाच चाचणीला हवे होते. माझा नेऊन बघितला, तर तो इतका म्हातारा निघाला की गेमचं नाव ऐकूनच बंद पडला. शेवटी नवाच घेऊन तिने सराव सुरू केला. धुरात शिरायचं टाळून कसं जिंकायचं ते शिकत राहिली. चुलीशी न जाता स्वयंपाक शिकण्यातला प्रकार.

चाचणी एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये होती. मी आणि लोणीसाहेब बरोबर गेलो. पोरं लांब टेबलांशी बसलेली, मागे पालक उभे. संघाचा कोच काटकुळा, गॉगल डोळ्यांवर नसून डोक्यावर, आवाज मात्र माणसाच्या दुप्पट. लोणीसाहेब पाच मिनिटंही बापासारखे उभे राहिले नाहीत. शेजारच्या दोन वडिलांना त्यांनी गाठलं आणि ठिणगीच्या खांद्यावरून पडदा दाखवत डेमो सुरू केला. "ते गवत बघा. पातं न् पातं वेगळं. आमच्याच दुकानात मिळतो, माझं नाव सांगा."

ठिणगी सुरेख खेळली, हे मी सांगून उपयोग नाही, मला काही कळत नाही. पण मागच्या पालकांनी आपापल्या मुलांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला सुरुवात केली, एवढं मला कळलं. कोचही तिच्या मागे येऊन थांबला. शेवटच्या डावात दोन्ही बाजूंचं एकेकच माणूस उरलं, आणि समोरच्याने धूर सोडला. आता टाळायला जागाच नव्हती. ठिणगी धुरात शिरली. तिने नेम धरला, आणि चित्र थबकलं. डोळ्याचं पातं लवावं एवढंच. चित्र पुन्हा हललं तेव्हा तिचा सैनिक आडवा पडला होता.

कोच वाकला. "काय झालं? नेम तर लागला होता तुझा. टॅब्लेट अडकला का? अडकला असेल तर सांग, आमच्याकडचा देतो, हा डाव पुन्हा खेळ. नियमात बसतं."

ठिणगीने तोंड उघडलं. तिच्या आधी मागून आवाज आला.

"अडकेल कसा? लोण्यासारखा चालतो! मी स्वतः तपासून आणलाय. या मालात अडकणं नाहीच!"

दोन्ही वडील माना डोलवत होते. लोणीसाहेबांचा चेहरा फुललेला होता. तो विक्रीचा चेहरा नव्हता, हेच वाईट. आपण पोरीसाठी आणलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवली की बापाचा होतो, तो चेहरा होता.

कोचने त्यांच्याकडे बघितलं, मग ठिणगीकडे. "काय गं?"

ठिणगीने मागे वळून बापाकडे बघितलं.

"नाही अडकला," ती म्हणाली. "माझा हात घसरला."

कोचने खांदे उडवले आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

परत येताना लोणीसाहेब रस्ताभर तिची समजूत घालत होते. "हात काय, बसेल. कुणाचा घसरत नाही?" ठिणगी दोन पावलं पुढे चालत होती. बाप-लेकीच्या मध्ये बोलायला शेजाऱ्याची जीभ लांब असावी लागते, माझी एरवी असते.

वहिनींनी अट पाळायला लावली. ठिणगी लॅबमध्ये पावत्या करायला लागली. पांढरा कोट तिला ढगळ व्हायचा.

इकडे नवा टॅब्लेट धडाक्यात खपत होता, आणि लोणीसाहेबांच्या डेमोत एका नव्या वाक्याची भर पडली होती. ते वाक्य मी प्रथम ऐकलं तेव्हा काउंटरपुढे नेहमीसारखा गर्दी म्हणून उभा होतो. समोर एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती. मुलगी पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संघाच्या चाचणीला जाणार होती.

"अहो, माझी स्वतःची मुलगी चाचणीत हाच घेऊन खेळली! शेवटच्या डावापर्यंत गेली. तिथे हरली, पण ती हाताने हरली हो. टॅब्लेटने शेवटपर्यंत साथ सोडली नाही."

मी जिन्याकडे बघितलं. ठिणगी वर आली होती. अंगात लॅबचा कोट, हातात बापाचा जेवणाचा डबा, तो घरी विसरला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"ही काय, आलीच!" लोणीसाहेब ओरडले. "हिलाच विचारा!"

ती मुलगी पुढे सरकली. "हो का गं ताई? चांगला चालतो?"

ठिणगीने डबा काउंटरवर ठेवला. "धुरात अडकतो," ती म्हणाली. "चाचणीत अडकला होता. माझा हात घसरला नव्हता."

हे तिने मुलीला सांगितलं, पण बघत होती बापाकडे. आणि त्या क्षणी लोणीसाहेबांना सगळं कळलं. शंकाच नको, मी हातभर अंतरावर होतो. हातातला टॅब्लेट त्यांनी काउंटरवर टेकवला आणि कोचच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं होतं ते त्यांच्या ओठांवर आल्यासारखे ओठ हलले.

गृहस्थांनी पाकीट पुन्हा खिशात घातलं. खांबापाशी उभा असलेला मजल्याचा मॅनेजर मान वर करून बघायला लागला. लोणीसाहेबांच्या निम्म्या वयाचा होता आणि पन्नाशीच्या माणसांना पंख्यांच्या गोदामात पाठवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

लोणीसाहेब हसले.

"हरल्यापासून ही असंच बोलते हो," ते गृहस्थांना म्हणाले. "लहान आहे. लागलंय मनाला."

"आमची पण अशीच!" गृहस्थ खुलले. "चहा सांडला की कपाला दोष." आणि पाकीट बाहेर आलं. त्यांच्या मुलीने एकदा ठिणगीकडे बघितलं, पण तोवर लोणीसाहेब खोका उघडून तिला पडदा दाखवायला लागले होते. मॅनेजर दुसरीकडे गेला.

ठिणगी म्हणाली, "डबा गार होईल," आणि जिना उतरली.

त्यांच्या घरी यावरून भांडण झालं नाही. मी वाट बघत होतो, भिंत पातळ आहे. मिक्सरचा आवाज यायचा, वहिनींचे टोमणे यायचे, पण या विषयावर चकार शब्द नाही. लोणीसाहेबांना त्या महिन्यात मजल्यावरच्या उत्तम विक्रीचं शिल्ड मिळालं. ते त्यांनी घरी आणलं नाही, दुकानातच ठेवलं. माझ्याकडे बघून खुणावणंही बंद झालं. इस्त्री घेऊन गेलो की "तिकडे, कोपऱ्यात देऊन टाका" म्हणायचे.

मग एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला गेलो. ठिणगी लॅबला निघायच्या गडबडीत बुटांची नाडी बांधत होती. लोणीसाहेब खुर्चीत बसले होते, मांडीवर तिचा टॅब्लेट. तो तिने चाचणीनंतर उघडलाच नव्हता. त्यांनीच बहुधा चार्ज केला असावा. गेम सुरू होता.

"ठिणगे," ते म्हणाले, "जरा बघ ना. मी सकाळपासून धुरात शिरतोय. मला काही अडकताना दिसत नाही. नेमका कुठे अडकतो, एकदा दाखव."

"उशीर होतोय."

"एकच मिनिट गं. मला खरंच दिसत नाही."

विकताना माणूस कितीही लाडिगोडी लावो, असा आवाज त्यांनी कधी काउंटरवर काढला नव्हता. वहिनीही पोळपाट तसाच ठेवून दारात आल्या.

ठिणगीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, पिशवी खांद्याला अडकवली. बापाच्या खुर्चीपाशी आली, पडद्याकडे क्षणभर बघितलं, आणि तो हळूच बोटाने बंद केला.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "एकदा दिसलं, की उद्यापासून विकशील कसा?"

ती गेली. वहिनी मला म्हणाल्या, "वर्तमानपत्र तिथे आहे बघा, टीपॉयवर." मी ते घेतलं आणि घरी आलो.